लोरीनबाई जिथे थांबतात

५ जून २००७, मंगळवार, प्लेनो

आज मी कोरसमध्ये दाखल झालो. चौसष्टाव्या वर्षी माणूस शाळेत नाव घालायला गेला तर लोक हसतील. कोरसमध्ये गेला तर कॉफी आणि बिस्किटं देतात. वीज मंडळातून निवृत्त होऊन, नागपूरचं घर बंद करून मुलाकडे, शंतनूकडे टेक्सासला आलो त्याला वर्ष झालं. तो आणि सून आश्लेषा ऑफिसला गेले की दिवसभर घरात मी, बायको आसावरी आणि हार्मोनियम. त्यातल्या त्यात हार्मोनियम माझं ऐकून घेते. शेवटी सूनबाईंनीच लायब्ररीतली नोटीस वाचून दाखवली: शेजाऱ्यांचा कोरस, सर्वांना प्रवेश, गाता येण्याची अट नाही. शेवटचं वाक्य ऐकून मी जाणार नव्हतो. आसावरी म्हणाली, तेवढी सवलत तुम्ही घ्यायला हरकत नाही. आणि माझ्यावर लक्ष ठेवायला तीही आली.

कोरस चालवणाऱ्या मार्थाबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. उंच आणि सदा हसऱ्या. त्यांनी हेतू सांगितला. इथल्या मूळच्या लोकांची जमीन गेली, भाषा गेली. त्यावर भाषणं झाली, माफीचे ठराव झाले, पण त्यानं कोणी कोणाच्या घरी जेवायला गेलं नाही. तेव्हा आता एकत्र गाऊन बघू, असं त्या म्हणाल्या. नोव्हेंबरात लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे.

हॉलमध्ये डावीकडे प्लेनोची मंडळी बसली होती. उजवीकडे डॅलसहून आलेली, चॉक्टॉ या मूळनिवासी जमातीची कुटुंबं. मधली रांग अख्खी रिकामी. आम्ही दोघं तिथे जाऊन बसलो. मार्थाबाईंचे डोळेच भरून आले. एसीचा झोत तिथे येतो म्हणून बसलो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१९ जून, मंगळवार

आज लोरीनबाई वेस्लींनी गाणं शिकवायला घेतलं. चॉक्टॉ मंडळींत त्या सगळ्यांत मोठ्या, सत्तरीच्या पुढच्या. टेलिफोन कंपनीत सुपरवायझर होत्या, त्यामुळे कमी बोलून दुसऱ्याला गप्प करण्याची हातोटी आहे. लहानपणी वसतिगृहाच्या शाळेत आपली भाषा बोलल्या म्हणून त्यांच्या तोंडात साबण कोंबला होता. हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. डावीकडची मंडळी बुटांकडे बघू लागली.

गाणं त्यांच्या आईकडून आलेलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारनं त्यांच्या लोकांना मिसिसिपीतून हाकलून ओक्लाहोमापर्यंत चालवत नेलं, त्या वाटेवरचं. शिकवण्याआधी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. लिहून घ्यायचं नाही. टेप करायचं नाही. आणि आमच्यापैकी कोणी खोलीत असल्याशिवाय म्हणायचं नाही. का, ते सांगितलं नाही. घरची रीत आहे म्हणाल्या.

मला लगेच नागपूरचे माझे गाण्याचे गुरू, बुवा आठवले. महाल भागातल्या त्यांच्या माडीवर मी सहा वर्षं पलटे घोटले, तेव्हा कुठे त्यांनी रागेश्रीतली त्यांच्या घरची चीज दिली. तीही अट घालून की एकट्यानं म्हण, मैफलीत नाही. एका शिष्यानं ती रेडिओवर म्हटली, तर बुवा दोन दिवस जेवले नाहीत. मला ही कंजुषी कधी पटली नाही. गाणं बरणीत घालून ठेवल्यानं काय त्याचा मुरंबा होतो? ती चीज मात्र मी आजवर कोणासमोर म्हटली नाही, आसावरीसमोरसुद्धा नाही. तसा योग आला नाही, एवढंच.

२१ जून

गाण्याची सरगम लिहून काढली. शब्द लिहिलेले नाहीत, फक्त स्वर. शब्दांबद्दल नियम असणार हे मला समजतं, पण सा रे ग म काही कोणाच्या घरचे नसतात. आसावरी म्हणाली, वीज मंडळाचे नियमही तुम्ही असेच वाचायचात.

१० जुलै, मंगळवार

कोरस रंगात आला आहे. मधली रांग आता भरते. आसावरीच्या कोथिंबीर वड्या तालमीआधीच संपतात, आणि लोरीनबाई मक्याची आंबिलीसारखी पेज आणतात ती आम्हा दोघांना फार आवडली. त्या माझ्याशी फारशा बोलत नाहीत, पण आज माझा सूर ऐकून त्यांनी एकदा मान हलवली. बुवांनी मान हलवायला तीन वर्षं लावली होती, त्या मानानं बाई उदार आहेत.

गाण्यात मात्र एक उणीव आहे. चाल चार स्वरांची, साधी, छान. पण तिसऱ्या ओळीनंतर एकदम भोक पडतं. चार-पाच मात्रा नुसत्या रिकाम्या. तिथे लोरीनबाई डोळे मिटून उभ्या राहतात, त्यांची माणसंही गप्प होतात, मग चौथी ओळ येते. पुढची ओळ आठवत नसावी, वय झालं. आसावरी म्हणाली, दर वेळी तिथेच कशी नाही आठवणार? मी म्हटलं, विसरण्याच्याही जागा ठरलेल्या असतात.

७ ऑगस्ट, मंगळवार

महाराष्ट्र मंडळाच्या सुमेधाचा फोन होता. पंधरा सप्टेंबरला शेजारच्या फ्रिस्को गावातल्या हॉलमध्ये गणपती बसतोय, महिला गटासाठी काहीतरी नवीन बसवून द्या म्हणाली. “काका, तेच तेच नको यार, या वेळी सगळ्यांना गार करायचं.”

मला एकदम सुचलं. या देशातल्या मूळच्या लोकांचं गाणं, आपल्या गणपतीपुढे, आपल्या बायकांच्या तोंडी! लोरीनबाईंच्या गाण्याचा याहून मोठा मान कुठे होणार? तिसऱ्या अटीचा विचार केला. खोलीत कोणी हवं ते कशासाठी, तर कोणी टिंगल करू नये म्हणून. गणपतीपुढे कोण टिंगल करणार? आसावरीला विचारलं तर ती म्हणाली, मला काय विचारता, लोरीनबाईंना विचारा. पण मग गंमत काय राहिली? तयार करून एकदम दाखवीन.

२६ ऑगस्ट

तालमी जोरात. सुमेधाचा नवरा रवी तबल्याला आहे. बायका हुशार, शब्द पटकन उचलले. अटींचं त्यांना सांगायचं राहून गेलं. गाणं दादऱ्यात बांधलं, शेवटी लय वाढवली. आणि ते तिसऱ्या ओळीनंतरचं भोक मी असं बुजवलं आहे की बुवांनीही दाद दिली असती: एक छोटी तान, आणि तिच्या पाठोपाठ तबल्याची तिहाई घेऊन थेट समेवर. आता कुठे गाणं पुरं झालंय.

१५ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

तिहाईला टाळ्या. पुन्हा म्हणायला लावलं. एक गृहस्थ मोदक तोंडात असताना येऊन माझ्या पाया पडले. रवीनं कॅमेऱ्यावर सगळं घेतलंय, उद्यापर्यंत सगळ्यांना डीव्हीडी करून देतो म्हणाला. आश्लेषानं मंडळात माझी ओळख ‘आमचे बाबा’ अशी करून दिली आणि ते मला तिहाईपेक्षा आवडलं.

आसावरी मोदक वाढत होती. कसं झालं विचारलं तर म्हणाली, टाळ्या खूप झाल्या. हे उत्तर मी पूर्ण समजतो असं नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

झालं ते लिहून ठेवतो.

तालमीनंतर मी डीव्हीडी लावली. मार्थाबाईंनी टीव्ही आणून ठेवला होता, सगळे खुर्च्या ओढून बसले. मी लोरीनबाईंना मुद्दाम पुढे बसवलं. गाणं सुरू झालं तेव्हा त्या किंचित पुढे झुकल्या, मला वाटलं आवडलं. मग तिसरी ओळ संपली, तान आली, तिहाई आली, पडद्यावर टाळ्या पडल्या.

त्या उठल्या. पेजेचं पातेलं घेतलं. माझ्यासमोरून दाराकडे गेल्या. त्यांच्यामागोमाग उजवीकडची सगळी माणसं गेली. हॉलमध्ये फक्त टीव्हीवरच्या टाळ्या चालू होत्या. त्या बंद कशा करायच्या ते मला सापडेना. शेवटी आसावरीनं वायर उपटली.

२५ सप्टेंबर, मंगळवार

उजवीकडच्या खुर्च्या रिकाम्या. मार्थाबाईंनी लोरीनबाईंना फोन केला होता. त्या नम्रपणे बोलल्या आणि येणार नाही म्हणाल्या. त्यांच्याशिवाय या कार्यक्रमाला काही अर्थ नाही, महिनाभर वाट बघून लायब्ररीला नाही कळवू, असं मार्थाबाई म्हणाल्या. मला कोणी एक शब्द बोललं नाही. कॉफीसुद्धा दिली.

२८ सप्टेंबर

आज मी चिडलो आहे आणि ते लिहून ठेवणार आहे. मी काय चोरी केली? पैसे घेतले? नावं ठेवली? देवापुढे मान दिला. मेहनत करून गाणं सजवलं. त्याचं हे फळ?

हे सगळं मी जेवताना मोठ्यानं म्हटलं. शंतनू आणि आश्लेषा ताटात बघत होते. आसावरीनं मला आमटी वाढली आणि विचारलं, “बुवा दोन दिवस का जेवले नव्हते?”

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. आमटी गार झाली.

२९ सप्टेंबर

संबंध आहे.

रात्रभर तेच डोक्यात होतं. बुवांच्या त्या शिष्यानं रेडिओवर चीज फार सुरेख म्हटली होती. बुवांची तक्रार ती नव्हतीच. ते मला एवढंच म्हणाले होते की अरे, मी त्याला दिली होती आणि त्यानं ती घेतली. तेव्हा मला ते म्हाताऱ्याचं कोडं वाटलं. दिलेलं सांभाळायचं असतं, घेतलेलं वापरायचं असतं, एवढं साधं होतं. मीच तो रेडिओवाला झालो, वर तिहाई घालून.

लाज वाटते. जायला हवं.

६ ऑक्टोबर, शनिवार

एकटा गेलो. आश्लेषा गाडीनं सोडायला तयार होती, आसावरीनं तिला थांबवलं. पार्कर रोडला लोकल रेल्वेत बसलो आणि डॅलस ओलांडून पार पलीकडे ओक क्लिफला उतरलो. पिशवीत नारळ आणि शाल. आपल्याकडे गुरूकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. समोरची मुलगी सारखी नारळाकडे बघत होती. मीही सारखा त्याच्याकडेच बघत होतो, कारण बोलायचं काय ते सुचत नव्हतं.

लोरीनबाईंनी दार उघडलं. नारळ घेतला, कानाजवळ हलवून पाहिला, आत पाणी आहे का ते. मग स्वयंपाकघरात बसवलं. माझं इंग्रजी अशा वेळी दगा देतं, तरी बोललो. तुम्ही अटी सांगितल्या होत्या, मी ऐकल्या होत्या, आणि मी त्यातून पळवाटा काढल्या. चूक माझी एकट्याची, त्या बायकांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्या टेबलावरच्या नारळाची शेंडी सरळ करत राहिल्या. मग सांगितलं. त्यांची पणजी त्या वाटेवर चालली तेव्हा सात-आठ वर्षांची होती. थंडीचे दिवस. जे मागे पडले त्यांना पुरायलाही थांबू देत नसत. म्हणून गाण्यात थांबायचं. तिसऱ्या ओळीनंतर प्रत्येकानं आपल्या मागे राहिलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं, आणि मग पुढे चालायचं.

“तिथे तुम्ही ढोल वाजवलात,” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. मग विचारलं, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?

“दर मंगळवारी मी तिथे थांबत होते. वाटलं, कोणीतरी विचारेल.”

मला रडू आलं. ते पुसून मी जे ठरवून गेलो होतो ते बोललो. माझ्याकडे एकच गोष्ट आहे जी मी कधी कोणाला दिली नाही. माझ्या गुरूंची चीज. तुमचं गाणं मी घेतलं, त्याच्या बदल्यात ती तुम्हाला ऐकवतो. आणि मी सूर लावला.

त्यांनी टेबलावर हात ठेवला. टेलिफोन कंपनीतला हात असावा. “गुरूंनी परवानगी दिली होती?”

मी म्हटलं, नाही.

“मग नको. त्यांचं देऊन माझं फेडू नका.”

इतक्या वर्षांत बुवांची बाजू घेणारं माणूस भेटलं, ते ओक क्लिफमध्ये. मग त्यांनी विचारलं, त्या बायकांना गाणं पाठ आहे? मी म्हटलं, पक्कं. आता विसरा म्हटलं तरी विसरणार नाहीत. त्या म्हणाल्या, शिकलेलं काढून घेता येत नाही, तेव्हा त्यांना मंगळवारी घेऊन या, नीट शिकवते. पण आधी त्या सगळ्या डीव्हीडी माझ्याकडे आणा.

शाल त्यांनी ठेवून घेतली. नारळ फोडायला मात्र मला अंगणातल्या पायरीपाशी नेलं, आणि दोन फटक्यांत फुटला नाही तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

१३ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर घरोघर जाऊन डीव्हीडी गोळा केल्या. आश्लेषा गाडी चालवत होती. प्लेनो, फ्रिस्को, पुन्हा प्लेनो. प्रत्येक घरी चहा आणि चिवडा, प्रत्येक घरी तीच कथा पहिल्यापासून. पहिल्या घरी जीभ अडखळली, शेवटच्या घरी आश्लेषाच माझ्याऐवजी सांगू लागली, आणि माझी चूक तिच्या तोंडून जरा जास्तच मोठी झाली. मी दुरुस्त केली नाही.

सुमेधा मात्र रागावली. एवढी प्रॅक्टिस केली, आईला पुण्याला डीव्हीडी पाठवायची होती, आणि आम्हाला कोणी सांगायला नको का? मी म्हटलं, मीच सांगायला हवं होतं. आणि थांबण्याच्या जागेचं सांगितलं. तिनं उठून कपाटातली डीव्हीडी काढून दिली. रवी आतून स्वतःची कॉपी घेऊन आला. कॉम्प्युटरवरचंही डिलीट केलं म्हणाला, आणि ती तिहाई फारच चांगली जमली होती असं हळूच म्हणाला. मी त्याच्याकडे रागानं पाहिलं. पण जमली होती हे खरं आहे.

माझी सरगमही त्याच पिशवीत टाकली.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

सुमेधा आणि सगळा महिला गट आला. लोरीनबाईही आल्या, आणि त्यांची माणसं. मार्थाबाईंना काय बोलावं कळेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना दोनदा कॉफी दिली. खुर्च्या कमी पडल्या, त्यामुळे कोण डावीकडचं आणि कोण उजवीकडचं हे कोणाला बघता आलं नाही.

लोरीनबाईंनी पहिल्यापासून सुरू केलं. आमच्या बायका तिसऱ्या ओळीनंतर सवयीनं तान घ्यायला गेल्या, आणि मध्येच ओठ मिटून घेतले. पुढच्या खेपेला जमलं. शेवटी लोरीनबाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, याला त्या जागी गप्प बसणं सगळ्यांत जड जातंय का? आसावरी म्हणाली, लग्न झाल्यापासून. सगळा हॉल हसला. मीही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. मार्थाबाईंचं स्वागत लांबलं, माइक दोनदा बंद पडला, सुमेधाच्या गटानं काठाच्या साड्या नेसून पहिली रांग बळकावली. लोरीनबाई माझी शाल पांघरून आल्या होत्या. मी ती आसावरीला दाखवली. तिनं आधीच पाहिली होती.

त्यांचं गाणं शेवटी होतं. पेटी नाही, तबला नाही. तिसरी ओळ संपली आणि आम्ही सगळे थांबलो. तालमीत मी तिथे मांडीवर बोटानं मात्रा मोजायचो, आजही बोट उचललं. मग बुवा आले. माडीवरचे, सतरंजीवर बसलेले, आणि त्यांच्या शेवटच्या आजारात मी खामगावला बदलीवर होतो, गेलो नव्हतो, तेही. त्यांचं नाव मनात घेतलं. बोट तसंच राहिलं. आसावरी कोणाचं नाव घेत होती माहीत नाही, पण तिनं माझी बाही धरली होती.

चौथी ओळ सगळ्यांनी उचलली आणि मी मागे राहिलो. उभ्या आयुष्यात मी सम चुकलो नव्हतो. लोरीनबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हातानं खूण केली, ये म्हणून. मग मी सगळ्यांना गाठलं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी लोरीनबाईंचा फोन. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय. आसावरीनं कोथिंबीर वड्या आणायच्या, मी तोंड आणायचं. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुमचा तो गणपती पुढच्या वर्षी कधी आहे? मी म्हटलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला, पण काळजी करू नका, तुमचं गाणं तिथे पुन्हा होणार नाही.

“होईल ना. मी खोलीत असेन.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. मग म्हणाल्या, तो ढोलवाला मुलगा मला आवडला, त्यालाही बसवा, फक्त त्याला थांबायचं कुठे ते मी सांगेन. मोदक किती लागतील तेही विचारलं, कारण त्या व्हॅन भरून माणसं आणणार आहेत.

फोन ठेवून मी आसावरीला हाक मारली. ती आत पीठ मळत होती, म्हणाली ऐकलं मी सगळं, आता रवीला फोन करा.